दीर डॉक्टरकडे यायलाच तयार नाही. ठाणे-नवी मुंबईत सुरुवात कुठून करायची?

ऐरोलीची_वहिनी:

जरा सविस्तर लिहिते, कारण थोडक्यात सांगितलं की "टेन्शन असेल" एवढंच उत्तर मिळतं, आणि ते मला घरातच पुष्कळ मिळालंय.

आम्ही ऐरोलीला राहतो. मी, नवरा, मुलगी, सासूबाई आणि धाकटा दीर. दीर २४ वर्षांचा, महाप्याच्या एका कंपनीत रात्रपाळीला होता. गणपतीनंतर त्याचं काहीतरी बिनसलं. आधी झोप गेली. मग लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी आली. तोवर आम्हाला काही वाटलं नाही, हल्ली बरेच जण लावतात. मग वॉशिंग मशीनच्या हिरव्या दिव्यावर पट्टी, मग इन्व्हर्टरच्या, मग देवघरातल्या विजेच्या समईवर. म्हणतो, खालच्या मजल्यावरचे लोक त्याच्याबद्दल बोलतात आणि ते त्याला बाथरूमच्या पाइपातून ऐकू येतं. दिवाळीनंतर कामावर जाणं बंद झालं. ताट वाढलं की आधी माझ्याकडे बघतो. मी त्याच्याच वाटीतली चमचाभर आमटी प्यायले की मग जेवायला सुरुवात करतो. त्याचा माझ्यावर अजून विश्वास आहे, सध्या एवढंच हातात आहे.

सासूबाईंनी गावाहून अंगारा आणला, उतारे करून झाले. नात्यातल्या एका मावशींचं म्हणणं, लग्न करून द्या, मार्गी लागेल. (कुणाच्या मुलीशी, ते मावशी सांगत नाहीत.) फॅमिली डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. मानसोपचार हा शब्द काढला की हा उठून खोलीचं दार लावून घेतो. "मी वेडा नाही, तुम्ही त्यांना सामील आहात." नवरा म्हणतो, पाडव्यापर्यंत बघू.

मारहाण नाही, व्यसन नाही, मरणाबद्दल काही बोलत नाही. पण परवा म्हणाला, "ते मला इथून उचलून नेणार आहेत."

जो येतच नाही त्याला न्यायचं कसं? सरकारीत न्यावं की खासगीत? ठाण्याच्या मनोरुग्णालयात नेलं तर ठेवूनच घेतील का? आणि एकदा नाव लागलं की पुढे नोकरीचं काय? ज्यांनी हे घरात पाहिलंय त्यांनीच कृपया लिहा.

शांतिप्रिय:

ताई, घाबरू नका. आजकालच्या मुलांना स्ट्रेस खूप असतो. औषधांच्या मागे लागू नका, सवय लागते. इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला पाठवा. माझ्या मित्राचं डिप्रेशन पूर्ण गेलं.

खोपटकर:

शांतिप्रिय, हेतू चांगला आहे तुमचा. पण विपश्यनेच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारतात आणि आजार गंभीर असेल तर शिबिराला बसू नका असं तेच लोक सांगतात. ज्याला पाइपातून माणसं ऐकू येतायत त्याला दहा दिवस मौनात बसवलं तर पाइपाला रान मोकळं.

ताई, मी खोपटला राहतो. एसटीतून निवृत्त, डेपोत हिशेबाला होतो. माझा धाकटा भाऊ वागळे इस्टेटमध्ये टर्नर होता, हात असा की फोरमन स्वतःचं काम त्याच्याकडून करून घ्यायचा. त्याच भावाला लेथच्या घरघरीत फोरमनच्या शिव्या ऐकू यायला लागल्या. फोरमन रजेवर असला तरी. निदान स्किझोफ्रेनियाचं झालं. आता तो साठीला टेकलाय, माझ्याकडेच असतो. सकाळचं दूध आणणं, वीजबिल, पुतण्याच्या मोटरसायकलची डागडुजी ही खाती त्याची. आवाज पूर्ण गेलेले नाहीत. "आज फोरमन हजर आहे" असं तो मला सांगतो आणि चहा घेतो.

तुमच्या दिराला काय झालंय ते मी सांगणार नाही, सांगूही नये. संशय आणि भास एकाच आजारात असतात असं नाही. नशा, थायरॉइड, फिट, असं बरंच काही डॉक्टर आधी बाजूला काढतात. पण पाडव्याची वाट बघू नका एवढं नक्की सांगतो. या दुखण्यात औषध जितकं उशिरा सुरू होतं तितकं सावरणं जड जातं.

आता न्यायचं कसं. पाइपातले आवाज खरे की खोटे यावर त्याच्याशी वाद घालू नका. वादात तुम्ही जिंकणार नाही, आणि जिंकलात तर तो तुम्हाला खालच्या मजल्यावरच्यांच्यात धरेल. हो ला हो पण लावू नका. "मला ऐकू येत नाही, पण तुला किती त्रास होतोय ते दिसतंय मला" इथे थांबायचं. त्याला स्वतःला जे दुखणं मान्य आहे ते धरा. वेड त्याला मान्य नाही, झोप गेलेली मान्य असणार. आमचा भाऊ "डोक्याचा डॉक्टर" म्हटलं की घर डोक्यावर घ्यायचा. "झोपेसाठी दाखवून येऊ" म्हटल्यावर चप्पल घालून दारात उभा राहिला. ही फसवणूक नाही. झोप खरंच गेलेली असते आणि डॉक्टर पहिला प्रश्न झोपेचाच विचारतात. मात्र "आधारचं काम आहे" असं सांगून रिक्षा मनोरुग्णालयाच्या गेटवर थांबवायचा प्रकार करू नका. बरीच घरं करतात. त्यानंतर तुम्ही अख्खी आमटी प्यायलात तरी तो जेवणार नाही.

तो नाहीच आला तर आधी तुम्ही आणि तुमचे यजमान जाऊन या. पेशंटला न बघता डॉक्टर गोळी लिहून देणार नाहीत, पण बोलायचं कसं, आणायचं कसं आणि कुठली लक्षणं दिसली की थांबायचं नाही, हे नीट सांगतात. जाताना कागदावर लिहून न्या. कधीपासून, झोप किती, खाणं किती, घरात पूर्वी कुणाला असं काही होतं का, आणि तो जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत. "विचित्र वागतो" म्हटलं तर डॉक्टरांना काही कळत नाही. "समईच्या बल्बवर पट्टी लावली" म्हटलं की कळतं.

कुणाकडे जायचं हेही बघून घ्या, कारण पाट्या भरपूर झाल्यात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे त्यातच एमडी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, गोळी तो लिहितो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. त्यांचा उपयोग खूप आहे, पण तुमच्या घरी सध्या जे चाललंय त्याला आधी पहिला लागतो.

सरकारी म्हणाल तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. १९०१ सालचं आहे. राज्यात अशी चार जुनी, बाकीची येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मुंबईकर "ह्याला ठाण्याला पाठवा" म्हणून हसतात ते हेच. आम्ही ठाणेकर ते लहानपणापासून ऐकतो आणि वर हसतोही. तुम्हाला तर अगदी सोपं. ऐरोलीहून गाडीत बसलं की मध्ये दिघा गाव, मग ठाणे. पश्चिमेला उतरून रिक्षा करा, ज्ञानसाधना कॉलेजच्या बाजूला. (याच्याच जागेवर ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये नवीन स्टेशन व्हायचंय. झालं की पेशंटचीही सोय होईल. जाहिराती मात्र फ्लॅटच्याच चालू आहेत.)

ठेवून घेतील का, या भीतीपोटीच अर्धी माणसं येत नाहीत. बाह्यरुग्ण विभागात बहुतेक जण गोळ्या घेऊन दुपारच्या जेवणाला घरी परततात. तिथल्या बाकावर बसलात तर तुमचीही भीती जाईल. शाळेचा गणवेश घातलेली पोरं असतात, बँकेतले साहेब असतात, शहापूर-मुरबाडकडून पहाटे निघालेली माणसं भाकरी बांधून आलेली असतात. समोरच्या जोडीत पेशंट कोण आणि सोबत कोण हे ओळखायचा खेळ आमचा भाऊ खेळतो. आमच्या जोडीत तो नेहमी मला पेशंट ठरवतो, आणि एकदा एका नव्या शिकाऊ डॉक्टरनीही तेच ठरवलं होतं.

कायदा म्हणाल तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, मे २०१८ पासून लागू. पेशंटची संमती नसताना, नातेवाइकाच्या अर्जावर भरती करायची तर त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका असावा लागतो, किंवा स्वतःची काळजी घेणं अजिबात जमत नसावं लागतं. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, दोघांनी वेगवेगळं तपासून तसं म्हणावं लागतं. तेही एका वेळेला जास्तीत जास्त ३० दिवस. पूर्वी कोर्टातून हुकूम आणावा लागायचा, आमच्या आईनं त्या व्हरांड्यात पाय झिजवलेत. अगदी हातघाईवर आलं तर कुठलाही डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो. तुमचा दीर घरात जेवतोय, तुमचं ऐकतोय. मला तरी भरतीची वेळ दिसत नाही, पण ते डॉक्टर ठरवतील.

तिथे जायचं मन होत नसेल तर साध्या हॉस्पिटलातही हा विभाग असतो. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरूळचं डी. वाय. पाटील, मुंबईत सायन, केईएम. गेटवर "मनो" लिहिलेलं नसतं, याचा काहींना फार आधार वाटतो. आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. तिथे डॉक्टर आणि समुपदेशक एका छताखाली मिळतात, घरच्यांशीही बोलतात. घरच्यांशी बोलणारं कुणीतरी लागतंच. सासूबाईंचा अंगारा बंद करायला जाऊ नका. आमच्या आईनं भावाला गाणगापूरला नेलं होतं, मी अडवलं नाही. प्रसादाच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं घालून दिली.

शेवटचं, आणि हेच कुणी सांगत नाही. डॉक्टरकडे नेणं हा सोपा भाग आहे. गोळी चालू ठेवणं अवघड. पहिल्या औषधानं भावाचा हात इतका थरथरायचा की बशीत कप वाजायचा. तो आवाज आला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आला बघ." डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी डोस उतरवला, कडकपणा जाण्याची वेगळी गोळी दिली, थांबलं. दुसऱ्या औषधानं वजन वाढलं. शेवटी क्लोझापिन लागू पडलं. त्यात पांढऱ्या पेशी उतरू शकतात, म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. आणि मधल्या काळात एकदा "मी बरा झालो" म्हणून साहेबांनी गोळ्या तुळशीच्या कुंडीत पुरल्या. तुळस जोमात होती, भाऊ पुन्हा फोरमनशी भांडायला लागला. म्हणून सांगतो, त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून औषध बदला. परस्पर बंद करू नका.

अनुभवी_बाबा:

एवढं कशाला करताय? औषधाचे थेंब मिळतात, चव नसते. डॉक्टरांना पटवून लिहून घ्या आणि चहातून द्या. आमच्या वाडीत एकांनी असंच केलं, मुलगा महिन्याभरात शांत. आजारी माणसाला विचारत बसलं तर जन्म जाईल.

रात्रपाळी:

बाबा, मी तो मुलगा आहे. म्हणजे तुमच्या वाडीतला नव्हे, पण ज्याच्या चहात घातलं होतं तो.

मला तेव्हा वाटत होतं की घरचे मला विष देतायत. डॉक्टरांच्या भाषेत तो भ्रम होता. मग एक दिवस ओट्यावर, साखरेच्या डब्यामागे, ती छोटी बाटली आणि ड्रॉपर सापडला. आता सांगा, भ्रम कुठला आणि खरं काय? त्यानंतर मी घरचं पाणीसुद्धा पीत नव्हतो. स्टेशनबाहेर वडापाव आणि सीलबंद बाटली, हाच आहार. बहिणीनं सरळ समोर बसून माफी मागितली आणि "ही गोळी आहे, हे तिचं नाव, ह्याच्यासाठी आहे, घ्यायची की नाही ते तू ठरव, पण डॉक्टरांशी एकदा बोल" असं सांगितलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आज मी रबाळ्याला नोकरी करतो. गोळी रात्री मीच घेतो.

वहिनी, तुमचा दीर तुम्ही आमटी चाखल्यावर जेवतो. त्या वाटीत चुकूनही काही घालू नका.

आणखी एक, आतल्या बाजूनं सांगतो. "तू आजारी आहेस" ऐकलं की मला राग यायचा. "तू दमलायस, चार रात्री झोपला नाहीस" ऐकलं की रडू यायचं. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत आवाजांचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांनी विचारलं की रात्रीच्या शिफ्टला जेवण मिळतं का.

खोपटकर:

रात्रपाळी, छान लिहिलंत. बाबा, आता त्या वाडीतल्या मुलाला एकदा विचारून बघा.

मुलुंडची_मीरा:

नोकरीच्या प्रश्नाबद्दल. मी एचआरमध्ये आहे. डॉक्टर आणि हॉस्पिटल कंपनीला परस्पर काही कळवत नाहीत. उपचारांची माहिती गुप्त ठेवणं याच २०१७ च्या कायद्यात पेशंटचा हक्क म्हणून आहे. राजीनामा दिला नसेल तर देऊ नका, नुसत्या "वैद्यकीय रजेचा" अर्ज करा. सर्टिफिकेट मागतील तेव्हा डॉक्टरांना सांगून गरजेपुरतंच लिहून घ्या. विम्याचंही सांगते. शारीरिक आजाराला जसं कव्हर तसंच मानसिक आजाराला द्यायचं असं कलम त्यात आहे. पण बहुतेक पॉलिसींमध्ये भरती झालात तर पैसे मिळतात, नुसत्या तपासणीचे आणि गोळ्यांचे नाहीत, ते आपल्याच खिशातून.

आणि रात्री-अपरात्री काही वाटलं तर १४४१६ लावा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. घरचे लोकही फोन करू शकतात. तो मरणाबद्दल बोलू लागला किंवा कुणाच्या अंगावर धावून गेला, तर मात्र फोनवर वेळ घालवू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

ऐरोलीची_वहिनी:

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचं वाचून मी नवऱ्याला फोन हातात दिला आणि म्हटलं, वाच. वाचून झाल्यावर तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. पाडव्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

शनिवारी आम्ही दोघं दिराला न घेता एका मानसोपचारतज्ज्ञांना भेटून आलो. खोपटकर काका, तुम्ही सांगितलं तसं लिहून नेलं होतं. त्यांनी कागद पूर्ण वाचला आणि इन्व्हर्टरच्या दिव्यापाशी थांबून विचारलं, पट्ट्या काढल्या तर चिडतो का? आम्ही काढल्याच नव्हत्या. म्हणाले, बरं केलंत, त्या राहू द्या सध्या.

काल जेवताना मी त्याला म्हटलं, तुझ्या झोपेसाठी एक डॉक्टर बघून ठेवलेत, मानसोपचारवालेच आहेत, तुला खोटं सांगणार नाही. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वहिनी, तू आत येशील ना?" दादा आलेला चालणार नाही म्हणाला, दादा खालच्या मजल्यावरच्यांशी पार्किंगबद्दल बोलतो म्हणून. नवऱ्याला वाईट वाटलं, पण तो बाहेर थांबेल.

गुरुवारी मनोरुग्णालयातच जायचं ठरलंय. खासगीत एका वेळेला हजार-दीड हजार आणि वर औषधं, हे वर्षानुवर्षं झेपेल असं वाटत नाही. तिथे काय काय न्यायचं? आणि सासूबाई सोबत यायचं म्हणतायत, त्यांना न्यावं का?

खोपटकर:

पेशंटचं आधार कार्ड, फॅमिली डॉक्टरांच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, आधीचे रक्ताचे रिपोर्ट असतील तर तेही, आणि तुमचा तो कागद. उपचार तिथे मोफत आहेत. गोळ्या तिथल्याच खिडकीवर मिळतात, एखादी संपलेली असली तर बाहेरून घ्यावी लागते, तेव्हा थोडे पैसे जवळ असू द्या. सकाळी लवकर पोहोचा. पहिल्या खेपेला वेळ लागतो, सगळी हकिकत नव्यानं विचारतात, त्याच्याशी एकट्यानंही बोलतील. त्याला तेवढं आधीच सांगून ठेवा, म्हणजे आयत्या वेळी बिचकणार नाही. पाण्याची बाटली सीलबंद घ्या, त्याच्या हातांनी उघडू द्या.

सासूबाईंना या खेपेला घरी ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला न्या, डॉक्टरांनी त्यांच्याशी बोललेलं बरं. तो गोळी गिळतो की नाही ते पुढे त्याच बघणार आहेत.

आणि केसपेपर जपून ठेवा, पण लॅमिनेट करू नका. आमच्या आईनं हौसेनं केला होता. डॉक्टर पेन घेऊन बसले, लिहायला जागाच नाही.

ऐरोलीची_वहिनी:

काका, 😄. प्लास्टिकची फाइल आणलीये, चेनवाली.

रात्रपाळी:

गुरुवारी मला सुट्टी असते. ओपीडीच्या बाहेर असेन तर चालेल का? बोलायला नको, नुसतं त्याला दिसलो तरी. नको वाटलं तर नाही म्हणा.

ऐरोलीची_वहिनी:

त्याला विचारून सांगते.